दर गाळ्याला एक वीत

डांबरावर रेघा मारायच्या असतात, हे आमच्या भागात कुणाला ठाऊक नव्हतं. मुळात डांबरच नवं होतं. तोवर साखर कारखान्याच्या दारात उसाच्या गाड्या चिखलात आसापर्यंत रुतायच्या, ट्रकवाले आणि गाडीवान एकमेकांच्या आयाबहिणी काढायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी आधी वजनकाट्यावर जायची. दुष्काळ सरल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात कारखान्याने शेजारचं गायरान घेतलं. दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग तिथं पडूनच होते. ते पसरले, रोलर फिरवला आणि चांगली चार एकर जमीन काळी करून टाकली. चेअरमन मुंबईला जाऊन आले होते. तिथं मोटारी आपापल्या चौकटीत कशा गुमान उभ्या राहतात ते त्यांनी पाहिलं, आणि आल्या आल्या हुकूम सोडला: आपल्याही गाडीतळावर तसंच पाहिजे. एका ओळीत वीस गाळे, मधे पांढरी रेघ, वर नंबर. आणि हे सगळं दिवाळीनंतर गव्हाणीत पहिली मोळी पडून गळीत सुरू व्हायच्या आत.

हुकूम ओव्हरसियर दानीएल साहेबांच्या डोक्यावर येऊन बसला. दानीएल नगरचे, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. वय तिशीच्या आत, पण झाडूवाल्या मजुरालाही ‘तुम्ही’ म्हणायचे. मजूर मागे त्याची टिंगल करत. करणारच. त्यांना जन्मात कुणी तसं म्हटलेलं नव्हतं.

साहेबांनी नगरहून एक पेंटर आणला. तो दुकानाच्या पाट्या रंगवणारा. भिंतीपुढं ताठ उभं राहून अक्षर काढणं वेगळं आणि उन्हात वाकून अडीचशे फूट चालणं वेगळं. त्याची रेघ मधेच पोटाला आली. त्याने आधी दोरीला दोष दिला, मग वाऱ्याला, आणि तिसऱ्या दिवशी ब्रश धुऊन एस.टी.त बसला.

दानीएल साहेब कमरेवर हात ठेवून त्या वाकड्या रेघेकडे बघत उभे होते. तळ झाडणाऱ्यांत सहादेव होता. त्याने खराटा खाली ठेवला.

“सायेब, कुठवर जायचंय त्ये निस्तं दावा.”

“त्या टोकापर्यंत. पण दोरी—”

“दोरी नगं.”

त्याने एक पत्र्याचा डबा घेतला, बुडाला खिळ्याने भोक पाडलं, चुन्याची फक्की भरली. मग मान वर करून ओढ्यापलीकडच्या देवळाचा कळस बघितला आणि चालू लागला. पायाकडे एकदाही पाहिलं नाही. फक्की बारीक धारेने पडत गेली. टोकाला पोचल्यावर साहेबांनी त्यावर दोरी ताणून धरायला लावली. कुठं बोटभरही फरक नव्हता. साहेब उकिडवे बसले, एक डोळा मिटून त्यांनी रेघ निरखली आणि विचारलं, “कुठं शिकलात हे?”

“वावरात,” सहादेव म्हणाला. “तिफनीमागं चाललं की येतं.”

खरं ते एवढंच होतं. सहादेव म्हणजे आमच्या तीन गावांतला नावाजलेला पेरणारा. मृग लागला की लोक त्याला बोलवायला यायचे, कारण त्याची पेर उगवून आली की वावर विंचरल्यासारखं दिसायचं. पण पेरणाऱ्याला बैल लागतात. दुष्काळात त्याचा एक बैल चारा छावणीत पडला तो उठलाच नाही. उरलेला एकटा बैल कशाला पोसायचा, म्हणून तोही काष्टीच्या बाजारात विकला. तिफण गोठ्याच्या आढ्याला टांगलेली राहिली. गेली दोन वर्षं आपलं चार एकर रान अर्ध्या वाट्याने लावलं होतं, आणि दुसरा माणूस आपल्या रानात वाकडंतिकडं पेरतोय हे सहादेव बांधावर बसून बघत होता. त्यापेक्षा खराटा बरा, म्हणून तो कारखान्यावर आला होता.

“हे काम तेवढं नीट पार पाडा,” दानीएल साहेब म्हणाले. “तळावर एक माणूस कायमचा लागणार आहे. रेघा राखायला, गाड्या ओळीत लावायला. मी तुमचं नाव देतो.”

सहादेवने मान हलवून डबा पुन्हा चुन्याने भरला. संध्याकाळी मात्र त्याचे पाय घराकडे नेहमीपेक्षा झपाझपा पडत होते.

राहीबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, “रंगाचा डबा घिऊन मागं मानूस लागतंय. सायबाला सांगितलं, माजी बायकू यील. तिफनीमागं तूच चालत हुतीस की. उद्यापास्नं चल.”

राहीबाईचा हात थांबला. भाकरी परातीतच राहिली.

“त्या तळावर?” तिने विचारलं.

सहादेवच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याने मान खाली घातली.

दुष्काळात खडी फोडायचं काम त्याच गायरानावर होतं. दोघंही तिथं होते. तो सुरुंगाचा दगड वाहून आणायचा, ती बसून फोडायची, आणि तीन वर्षांची चांगुणा हिवराच्या सावलीत फडक्यावर बसून कामावर मिळणारी सुकडी खायची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली पोर. वैशाखात तिला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याच हिवराखाली सहादेवने खड्डा घेतला, वर बाभळीच्या फांद्या आणि एक मोठा दगड ठेवला. दुसऱ्या दिवशी दोघं परत हजेरीवर होते. हजेरी चुकवून भागत नव्हतं, आणि राहीबाईला तिथून उठायचंही नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं तिच्या माहेरी जामखेडकडे विहिरींच्या कामावर गेली. आखाडात परत आली तर हिवर नाही, दगड नाही, सगळं काळं. राहीबाई काळ्याच्या कडेला उभी राहिली आणि तिने एवढंच विचारलं, “उकरलं तर न्हाई ना?” सहादेव रोलरवाल्याला गाठून विचारून आला. उकरलं नव्हतं, वर भर टाकली होती. खालचं खाली तसंच होतं. तेव्हापासून राहीबाईने कधी तळावर पाऊल ठेवलं नाही. बाजाराला जाताना ती ओढ्याच्या अंगाने लांबून जायची.

“नगं येऊस,” सहादेव म्हणाला. “मी दुसरं मानूस बघतो.”

राहीबाईने भाकरी तव्यावर टाकली. ती भाजली, उलटली, काढून टोपल्यात ठेवली. मग म्हणाली, “यीन मी.”

काम सुरू झालं. आश्विनातलं ऊन, आणि खाली डांबर. दहा वाजायच्या आत ते मऊ पडायचं आणि पाय पोळायला लागायचे. दोघांनी पायांना गोणपाट बांधलं होतं. रंगाच्या वासाने राहीबाईचं डोकं धरायचं. बारा फुटांचा एक बांबू साहेबांनी मोजून, कापून दिला होता. तो ठेवायचा, खूण करायची, चुन्यात घोळवलेलं सूत ताणून झटका द्यायचा, आणि उमटलेल्या रेघेच्या दोन्ही अंगाला फळ्या धरून मधे ब्रश ओढायचा. एका रेघेला तीस फूट वाकून जावं लागायचं. उठताना सहादेवच्या कमरेचा काटा मोडायचा, पण तो उठून आधी मागे वळून रेघेकडे बघायचा. ती सरळ दिसली की त्याचा चेहरा जरा निवळायचा. दोन वर्षांनी त्याला स्वतःची ओळ दिसत होती.

बन्सी नावाचा एक तिशीतला गडी रंग ढवळायला दिला होता. तो एका संचालकाचा भाचा. रंगाच्या पिंपाजवळ सावली होती आणि बन्सीने सावली कधी सोडली नाही.

पहिल्याच दिवशी दानीएल साहेबांनी बजावलं, “रेघेवर कुणाचंही चाक येता कामा नये. दोन्ही बाजूंनी हातभर जागा मोकळी राहिली पाहिजे. रेघ म्हणजे भिंत, असं ड्रायव्हरांना सांगायचं.”

हे बोलणं सहादेवसाठी होतं. पण ऐकलं ते राहीबाईने.

दुपारी भाकरी खाऊन सगळे आडवे झाले. राहीबाई उठली आणि गायरानाच्या जुन्या विहिरीकडे गेली. विहीर अजून होती, कारखान्याने तिच्यावर पंप बसवला होता. तिने कठड्याला पाठ लावली, तोंड देवळाच्या कळसाकडे केलं आणि चालायला लागली. एकतीस पावलं. दुष्काळात तिने ती रोज मोजली होती. दगड फोडता फोडता विहिरीवर पाणी प्यायला उठायचं आणि परत जाताना हिवराखाली क्षणभर थांबायचं, एवढाच तिचा दिवस होता. ती एकतीस पावलांवर थांबली. पायाखाली डांबर, बाकी काही नाही. मग तिने बांबू उचलला आणि शेवटच्या मारलेल्या रेघेपासून एकापुढं एक ठेवत तिथवर आली. सहादेव पडल्या पडल्या बघत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने सांगितलं.

“अकराव्या गाळ्यात येतीया.”

सहादेव पाय धूत होता. तो तसाच थांबला.

“धा गाळ्यांची रेघ जितं पडंल, तितनं तीन हात म्होरं. ऐन गाळ्यात. रोज तितं ट्रक उभा ऱ्हाईल. चाकाखाली न्हाई आली तर गळत्या ऑईलखाली यील. डायव्हर थुकत्यात, मुतत्यात.” तिचा आवाज चढला नव्हता. “ती रेघ तीन हात सरकवा. रेघंवर चाक येत न्हाई. सायेबच म्हनलं.”

“आगं, बांबू सायबानं कापून दिलाय. बारा फूट म्हंजी बारा फूट.”

“पाटलाच्या पट्टीत पेरताना म्हसोबा लागला की तिफन उचलत हुतात. वळसा घालून जात हुतात. तवा पाटलाला इचारलं हुतं का?”

“त्यो देव हुता.”

“आन् ही कोन?”

सहादेव ओल्या पायांनीच उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, “सायबाला सांगून बघू का? मानूस बरा हाय.”

“आजाबात सांगू नगा,” राहीबाई एकदम म्हणाली. “सायेब सांगंल चेअरमनला. चेअरमन भटजी बोलवून शांत करायला लावतील. गाडीवान म्हनतील तळावर मढं हाय, आमी न्हाई बैल सोडायचं. मग उकरून वड्याला टाकत्याल तिला. कुनाला म्हनून सांगायचं न्हाई.”

“सरकवलं तर म्होरं कमी पडंल. नावावर यील माज्या. कायम करनार हाय त्यो मला, राही.”

“ठावं हाय,” ती म्हणाली. “मी काय येडी हाय व्हय? ठावं हाय मला.”

सहादेवने अर्धीच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथा गाळा पुरा झाला. पाचव्यासाठी सहादेवने बांबू ठेवला. खूण करायला तो खाली बसला आणि बसूनच राहिला. राहीबाई डबा धरून मागे उभी होती. पिंपापाशी बन्सी टोपी तोंडावर घेऊन पडला होता.

सहादेवने उजवा हात बांबूच्या टोकाला लावला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पंजा ताणला, आणि करंगळी टेकली तिथं खूण केली.

एक वीत.

राहीबाईच्या हातातला डबा हलला आणि रंग तिच्या पायावरच्या गोणपाटावर सांडला. सहादेवने वर पाहिलं नाही. “सूत धर,” एवढंच म्हणाला.

सहाव्याला एक वीत. सातव्याला एक वीत. पाचापासून दहापर्यंत सहा गाळे, सहा विती म्हणजे तीन हात. सहादेव शाळेत गेला नव्हता, पण हा हिशेब त्याच्या हाताला येत होता. एकदम तीन हात सरकवले असते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. वीतभर कुणाच्या नजरेत येत नाही. बाकी रेघा सुतासारख्या सरळ होत्या. तेवढं वाकडं मात्र त्याच्याच्याने झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना दहाव्या गाळ्याची रेघ आली. सूत मारलं. सहादेव ब्रश ओढत निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याला राहीबाईची पावलं मोजायची गरज नव्हती. कळस कुठं आणि विहीर कुठं, हे बघून त्याला जागा कळत होती. पोरीचा खड्डा त्यानेच घेतला होता.

त्याने ब्रश तिच्यापुढं धरला. “एवढी तू मार.”

राहीबाईने पायाचं गोणपाट सोडलं. डांबर तव्यासारखं तापलं होतं तरी ती त्यावर गुडघे टेकून बसली. तिने ब्रश दोन्ही हातांनी धरला आणि हातभर रेघ ओढली. मग पुन्हा त्याच जागी ओढली. मग आणखी एकदा. रंग थापला गेला, फळीच्या बाहेर आला. ती तोंडातल्या तोंडात म्हणत होती, “आता न्हाई कुनी यायचं अंगावर. आता न्हाई हां बाय.” तिच्या डोळ्यांतलं पाणी ओल्या रंगावर पडलं आणि तिने त्यावरूनही ब्रश फिरवला.

सहादेव तिच्या डोक्यावर सावली पडेल असा उभा राहिला होता. रेघ तिथं जाड आणि ओबडधोबड झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपल्या ओळीतला दोष तसाच राहू दिला.

ओळ पुरी झाली ती मोळीच्या दोन दिवस आधी. नंबर घातले. एकोणीसपर्यंत घातले. विसाव्या गाळ्याला जागा उरली ती साडेसात फूट.

दानीएल साहेब टेप घेऊन आले. त्यांनी विसावा गाळा मोजला, पुन्हा मोजला. मग पहिल्यापासून एकेक गाळा मोजत आले. टेपचं दुसरं टोक बन्सीने धरलं होतं. त्या दिवशी त्याला सावलीची आठवण नव्हती.

“एक ते चार बरोबर,” साहेब म्हणाले. “अकरापासून पुढं बरोबर. पाच ते दहा, प्रत्येक गाळा मोठा. आणि सगळे सारखेच मोठे. हे कसं झालं?”

“चुकलं सायेब,” सहादेव म्हणाला.

“कसं चुकलं?”

“बांबू सरकला आसंल.”

“सहा वेळा? आणि सहाही वेळा तेवढाच?” साहेबांचा चेहरा लाल झाला. “परवा चेअरमन पाहुण्यांना घेऊन येणार. विसाची ओळ म्हणून त्यांनी सभेत सांगितलंय. मी काय उत्तर देऊ? तू मला खुळा समजतोस काय रे?”

तळावर आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. साहेबांनी आजवर कुणाला ‘अरे-तुरे’ केलं नव्हतं, आणि पहिला मान सहादेवला मिळाला होता. बन्सी टेप गुंडाळत फिदीफिदी हसला.

राहीबाई पुढं झाली. “सायेब, त्येंचा काय गुन्हा न्हाई—”

“तू गप ऱ्हा!” सहादेव तिच्यावर ओरडला. घरात त्याने कधी असा आवाज काढला नव्हता. मग साहेबांकडे वळून, हात जोडून म्हणाला, “मला मोजमाप येत न्हाई सायेब. अडानी मानूस. वावरात काय, कसं बी पेरलं तरी उगवतं. इतं मला न्हाई जमलं.”

ज्याच्या ओळीला तीन गावं नावाजत होती, त्याने चारचौघांत हे सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती आणि कानशिलं तापली होती. मला वाटतं, बैल गेला तेव्हाही त्याला इतकं लागलं नसेल.

दानीएल साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर दहा आणि अकराच्या मधल्या रेघेकडे गेली. ती हातभर जागी फुगलेली होती. तिच्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं, मग राहीबाईकडे पाहिलं. रंग संपला होता, दिवस संपले होते, पुसून पुन्हा मारायला वेळ नव्हता. विसाव्या गाळ्यावर ‘सायकली’ असं लिहायचं ठरलं. ते अक्षर बन्सीने काढलं, तेही वाकडं.

जाताना साहेब सहादेवजवळ थांबले. “मी तुमचं नाव दिलं होतं,” ते हळू म्हणाले. “आता नाही मला काही करता येणार.”

ते पुन्हा ‘तुम्ही’वर आले होते. सहादेवला ते अधिक लागलं.

कायमची जागा बन्सीला मिळाली. त्याला खाकी टोपी आणि शिट्टीही मिळाली.

मोळीच्या दिवशी सहादेव घरीच बसला. गोठ्यात जाऊन त्याने टांगलेली तिफण खाली काढली, फणावरची जाळी पुसली आणि पुन्हा टांगली. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा राहीबाईने डोक्यावर पदर घेतला.

“कुठं निगालीस?”

“बघून येते.”

“काय बघायचं हाय त्यात?”

ती थांबली नाही. लांबच्या वाटेने न जाता सरळ तळावर गेली.

तळावर पाय ठेवायला जागा नव्हती. पहाटेपासून बैलगाड्या येत होत्या. जामखेड, आष्टी, पाथर्डीकडचे तोडकरी, रात्रभर चालून आलेले. त्यांना कुणी रेघांचं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी बैलांना कुणी सांगायचं? जिथं जागा दिसेल तिथं गाडी घुसत होती. ट्रक आडवेतिडवे लागले होते. बन्सी शिट्ट्या फुंकून फुंकून लाल झाला होता आणि एक गाडीवान त्याला आसूड दाखवत होता. पांढऱ्या रेघांवर शेण पडलं होतं, उसाचं पाचट तुडवलं जात होतं, रेघांवर तीन दगड मांडून बायका चुली पेटवत होत्या. पाच ते दहा गाळे वीतभर मोठे आहेत की लहान, हे जगात कुणाला कळणार नव्हतं.

राहीबाई वाट काढत दहाच्या आकड्यापाशी आली. आकड्यावर एक बैल बसला होता. आणि तिच्या त्या रेघेवर, बरोबर त्या जागेवर, एक उसाची गाडी उभी होती. एक चाक रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे.

ती धावत गेली आणि बाजूच्या साठीच्या लाकडाला धरून गाडी ढकलायला लागली. दीड-दोन टनांची गाडी, तसूभर हलली नाही.

“ए बाई, काय करती गं?” चुलीपाशी बसलेली एक तरणी बाई उठून आली. तिच्या हातांना उसाच्या पात्यांनी कापलेलं होतं. डोळे झोपेने तारवटले होते. गाडी पळवून न्यायला कुणी आलंय, अशा नजरेने तिने पाहिलं.

“गाडी हालवा हितनं. हितं न्हाई उबी करायची. रेघ हाय ही. रेघंवर न्हाई यायचं.”

“कुठं हालवू वं माय?” ती बाई म्हणाली. “जामखेडपस्नं आलोय. रातभर रडली पोरगी, आत्ता कुठं निजलीय. गाडी हालली की उठंल. नंबर लागंस्तवर तरी ऱ्हाऊ द्या.”

राहीबाई खाली वाकली. गाडीच्या आसाला लुगड्याची झोळी बांधली होती. झोळी रेघेवर लोंबत होती, रेघेच्या त्या जाड, थापलेल्या हातभर भागावर. फडक्यातून एक बारकं पाऊल बाहेर आलं होतं. तळव्याला डांबर लागलेलं होतं.

तिने साठी सोडली. ती चाकाला टेकून खाली बसली आणि किती तरी वेळ त्या पावलाकडे बघत राहिली.

“नाव काय हिचं?” तिने विचारलं.

“बनू. तुमाला किती वं लेकरं?”

राहीबाईने ऐकलं नसल्यासारखं केलं. मग तिला वाटलं, उत्तर न देणं बरं नाही. “हाय की एक,” ती म्हणाली. “हितंच आसती.”

त्या बाईने इकडंतिकडं बघितलं. तळावर लेकरं पुष्कळ होती. त्यांतलीच कुठली तरी असेल असं समजून ती भाकरी उलटायला चुलीकडे गेली. जाताना म्हणाली, “मग हालवू का गाडी? मालकाला बोलवू?”

“नगं,” राहीबाई म्हणाली. “निजू दे तिला.”

तिने झोळीच्या दोरीला हात लावला आणि हळूहळू झोका द्यायला लागली. झोळीची सावली रेघेवरून पुढं जायची आणि मागे यायची.

दुपार कलली तरी बायको आली नाही म्हणून सहादेव शोधत आला. त्याला शोधावं लागलं नाही. तो सरळ तिथंच आला. गाडी बघून त्याचा चेहरा उतरला, आणि झोळी बघून तो तिच्या शेजारी बसला. अलीकडचं चाक त्याच्या गुडघ्याजवळ होतं. सवयीने त्याने चाकाच्या लोखंडी धावेला अंगठा लावला आणि रेघेकडे पंजा ताणला. करंगळी पांढऱ्या रंगाला टेकली.

“राही,” तो म्हणाला, “एक वीत हाय बघ. चाक न्हाई आलं तिच्यावर.”

राहीबाईने झोका थांबवला नाही.

“हळू बोला,” ती म्हणाली. “उठंल.”